गरिबाची चपटी आणि मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर

ग्रामपंचायतीच्या मतमोजणीला टेबलावर बसलेल्या मास्तरला एका मताची किंमत शिकवावी लागत नाही. आमच्या आर्वी तालुक्यात समसमान मतं पडली की ईश्वरचिठ्ठी निघते. मग जिंकणाऱ्याकडे गुलाल, अन् हरणारा तहसीलदाराच्या मागं. म्हणून १८३९ ची अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याची गव्हर्नरची, म्हणजे मतांवर निवडून येणाऱ्या राज्यप्रमुखाची, निवडणूक माझ्या खास आवडीची.

तिथं नुसती जास्त मतं मिळून भागत नसे, एकूण मतांच्या निम्म्याहून जास्त लागत. नाहीतर निवड विधिमंडळाकडे, अन् तिथं व्हिग पक्षाचा जोर. मतं पडली १,०२,०६६. व्हिगांच्या विरोधातल्या डेमोक्रॅट पक्षाचे मार्कस मॉर्टन यांना ५१,०३४, म्हणजे निम्म्याहून बरोबर एक जास्त. हे गृहस्थ १८२८ पासून दरवर्षी उभे राहून दरवर्षी पडत होते. (निवडणूक दरवर्षी! आमच्या मास्तर लोकांनी तर हायच खाल्ली असती.)

पण मॉर्टनना निवडून आणलं ते दारूनं. १८३८ साली व्हिगांनी कायदा केला होता : कडक दारू एका वेळी १५ गॅलनपेक्षा कमी विकायची नाही. १५ गॅलन म्हणजे ५७ लिटरच्या आसपास. हे मी पानठेल्यावर सांगितलं तर एक काका म्हणाले, "म्हंजे गरिबाची चपटी बंद, अन् पैसेवाल्याचा पिपा चालू? वा रे कायदा!" तिथले मजूरही हेच म्हणत होते. डेडहॅम गावात एकानं शक्कल लढवली : पट्टे रंगवलेलं डुक्कर पाहायला तिकीट, अन् तिकिटावर दारूचा गिलास फुकट.

आमचा वर्धा जिल्हा दारूबंदीचा. गाडीवाला वर्धा नदी ओलांडून अमरावती जिल्ह्यात बसून येतो. पायी चालणाऱ्याच्या नशिबी मोहाची, अन् वरून पोलीस. त्यामुळे डुकराची गोष्ट इथं कुणाला समजावून सांगावी लागली नाही.

मला खरं नवल वाटतं ते हरलेल्या व्हिग उमेदवार एडवर्ड एव्हरेट यांचं. खुर्चीवरचे गव्हर्नर, एका मतावर अडलेला निकाल, अन् तरी वाद न घालता त्यांनी तो मानला. आमच्याकडे सरपंचपदाचा पडलेला उमेदवारही फेरमोजणीचा अर्ज खिशात घेऊनच येतो.

१८४० मध्ये तो कायदा रद्द झाला, अन् त्याच वर्षी मॉर्टन पुन्हा पडले. दारू सुटली, मग मॉर्टन कायले पाहिजे?