कानाकडून एरियलकडे: तीन ट्रान्झिस्टरचा रेडिओ

रेडिओची आयसी, म्हणजे एकाच चिपमध्ये बसवलेलं तयार सर्किट, आणून, चार सुटे भाग जोडून संध्याकाळपर्यंत आकाशवाणी ऐकता येते. झेडएन ४१४ ही तीन पायांची जुनी आयसी त्यासाठीच नावाजलेली होती. तिच्या पोटात दहा ट्रान्झिस्टर असतात, पण त्यांतला कोणता काय करतो हे बाहेरून कळायला मार्ग नाही. मला नेमकं तेच समजून घ्यायचं होतं. म्हणून ठरवलं की एकही आयसी वापरायची नाही. साधे बीसी ५४७ हे सुटे ट्रान्झिस्टर घ्यायचे आणि प्रत्येकाचं काम स्वतःच्या कानाने ऐकायचं.

ट्रान्झिस्टर, रेझिस्टर, कपॅसिटर आणि झिरो पीसीबी (भाग जोडायची भोकांची कोरी पट्टी) हे सगळं पुण्यात तपकीर गल्लीत एका फेरीत मिळतं. फेराइट रॉड (कॉइल गुंडाळायची काळी दांडी, हीच रेडिओचं एरियल) आणि गँग (केंद्र लावण्यासाठी फिरवायचा कपॅसिटर) मात्र नव्या दुकानांत शोधत बसू नये. मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, तिथे बंद पडलेला एखादा ट्रान्झिस्टर रेडिओ उचलावा. दोन्ही वस्तू एकाच खोक्यात निघतात. माझ्या रेडिओतल्या पीव्हीसी गँगचा एक भाग मल्टिमीटरवर २६५ पिकोफॅरडच्या आसपास भरला. तार घेतली मोटार रिवाइंडिंगवाल्याकडून, २८ गेजची एनॅमलची. तो वजनावर देतो आणि थोडीशीच मागितली तर बहुतेक वेळा रिळातलं शेपूट काढून देतो.

खरेदीत एकाच गोष्टीची नीट पारख करावी लागते, ती म्हणजे लहरीतून आवाज वेगळा काढणारा जर्मेनियम डायोड. ओए ७९ किंवा १एन३४ म्हणून हातात पडलेला प्रत्येक काचेचा डायोड जर्मेनियमचा असतोच असं नाही. मल्टिमीटर डायोडच्या खुणेवर ठेवून बघायचं. ०.२ ते ०.३५ व्होल्टच्या दरम्यान आकडा आला तर ठीक, ०.६ दाखवला तर तो सिलिकॉनचा आहे. दुबळ्या सिग्नलला ०.६ व्होल्टचा उंबरठा ओलांडताच येत नाही, म्हणून हा हट्ट. सर जगदीशचंद्र बोस यांनी लहरी पकडण्यासाठी गॅलेना स्फटिकाचा डिटेक्टर बनवला होता. त्याच्या पेटंटचा अर्ज १९०१ चा आणि मंजुरी १९०४ ची. बोटाच्या पेरावर मावणारा तो काचेचा डायोड त्याच घराण्यातला आहे, हे तो हातात घेतल्यावर मला फार जाणवतं.

आता जोडणीचा क्रम. बहुतेक आकृत्या एरियलपासून सुरू होतात आणि नवखा माणूसही तिथूनच जोडत येतो. शेवटी सगळं शांत असेल तर बिघाड कुठे आहे हे शोधायला हातात काहीच नसतं. मी उलटा निघालो. आधी इअरफोन, मग त्याला चालवणारा ट्रान्झिस्टर, मग त्याच्या मागचा. मोबाइलच्या साध्या इअरफोनची एक बाजू साधारण ३२ ओहमची असते. जॅकवरचं सामाईक टोक मोकळं सोडून डाव्या-उजव्या टोकांवरच जोडणी केली की दोन्ही बाजू सिरीजमध्ये येऊन ६४ ओहम होतात. तेवढे शेवटच्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला (तीन पायांपैकी वाढवलेला सिग्नल बाहेर देणाऱ्या पायाला) पुरतात, ट्रान्सफॉर्मर लागत नाही.

त्याच्या मागच्या ट्रान्झिस्टरला ४.७ किलोओहम कलेक्टरला आणि १ मेगओहम कलेक्टर ते बेस (सिग्नल आत घेणारा पाय), एवढ्यावर बायस, म्हणजे ट्रान्झिस्टर चालू ठेवणारा ठरावीक प्रवाह, बसतो. दोन पेन्सिल सेलच्या ३ व्होल्टवर कलेक्टरला दीड व्होल्टच्या जवळपास मिळाले की ही पायरी जिवंत आहे असं समजावं. बीसी ५४७ ची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले की डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. डाग द्यायच्या आधी एकदा मोठ्याने म्हणून घ्यावं. मग इनपुटच्या कपॅसिटरला बोट लावलं की कानात घुंऽऽ असा आवाज येतो. घरातल्या वायरिंगची ती ५० हर्ट्झची गुणगुण. डिटेक्टर नाही, कॉइल नाही, तरी अर्धा रेडिओ तयार आहे याची खात्री पटते. इथून पुढे आवाज आला नाही तर दोष पुढच्या अर्ध्या भागातच शोधायचा.

त्यानंतर दोन डायोडचा डिटेक्टर, आणि त्याच्या अलीकडे पहिला, रेडिओ फ्रिक्वेन्सीचा (एरियलवरची लहर वाढवणारा) ट्रान्झिस्टर. कॉइलसाठी रॉडवर कागदाची सैलसर नळी करून तिच्यावर सत्तरेक वेढे दिले, एकाला एक चिकटून. नळी सरकती ठेवणं महत्त्वाचं. कॉइल रॉडच्या मध्यावर असते तेव्हा इंडक्टन्स (तो जितका जास्त तितकी कमी किलोहर्ट्झची केंद्रं लागतात) सर्वांत जास्त, टोकाकडे नेली की कमी होतो. त्यामुळे वेढे मोजण्यात थोडं इकडेतिकडे झालं तरी सरकवून जमवता येतं. शेजारी बेससाठी सहा वेढ्यांची वेगळी गुंडाळी घातली, कारण ट्रान्झिस्टरचा बेस थेट मोठ्या कॉइलला जोडला तर ट्यूनिंगची धारच जाते.

सेल लावले, गँग फिरवली आणि पुणे केंद्र लागलं. लागलं म्हणजे जवळजवळ अर्ध्या डायलवर तेच होतं. हडपसरचं १०० किलोवॉटचं प्रक्षेपण, ७९२ किलोहर्ट्झ, आणि माझं घर कोथरूडला. आनंद झालाच, पण मला मुंबईही हवी होती. आपल्याकडे मध्यम लहरींवर दोन केंद्रांमध्ये ९ किलोहर्ट्झचं अंतर ठेवतात. इतकं बारीक निवडणं एकट्या कॉइलच्या आवाक्यात नव्हतं.

यावरचा उपाय एडविन आर्मस्ट्राँग यांनी १९१२ मध्ये, कोलंबिया विद्यापीठात शिकत असतानाच शोधला होता: रिजनरेशन. वाढवलेल्या सिग्नलचा थोडा भाग परत कॉइलमध्ये सोडायचा. झोक्याला नेमक्या वेळी धक्का द्यावा तसा तो कॉइलमधली झीज भरून काढतो, आणि त्यामुळे जोर आणि निवड दोन्ही एकदम वाढतात. मी कलेक्टरच्या वाटेवर रॉडवरच तीन वेढे घातले आणि पहिल्या ट्रान्झिस्टरचा बायस एका पॉटने (फिरवून बदलता येणाऱ्या रेझिस्टरने) कमी-जास्त करता येईल असं केलं. हे वेढे उलट दिशेने बसले तर सिग्नल वाढण्याऐवजी दबतो. तेव्हा दोन टोकांची अदलाबदल केली की काम होतं.

या पॉटवर मी सर्वांत जास्त रमलो. सावकाश फिरवत नेलं की आधी आवाज भरत जातो, मग डायल अरुंद होत जाते, आणि एका जागी बारीक शिट्टी सुरू होते. शिट्टीच्या केसभर अलीकडे थांबायचं. तिथे आवाज थोडा दबका होतो, स-श यांची धार जाते, पण पुणे केंद्र आपल्या जागेपुरतं आक्रसतं आणि बाकीची डायल मोकळी होते.

एवढं होऊनही मुंबईवर पुण्याची सावली राहिलीच, ती रॉडने काढली. फेराइट रॉडला आडव्या बाजूने येणारं सर्वांत चांगलं ऐकू येतं आणि टोकाच्या दिशेने येणारं जवळपास येतच नाही. कोथरूडहून हडपसर सरळ पूर्वेला, तर मुंबईचं मालाडचं प्रक्षेपण केंद्र वायव्येला. रॉड पूर्व-पश्चिम धरला की हडपसर दबतं. मुंबईही थोडी कमी होते, पण टिकते. गच्चीवर जाऊन बोटाएवढं फिरवत राहिलो आणि १०४४ किलोहर्ट्झवर मुंबई स्वच्छ लागली. खाली गँग जवळपास पूर्ण मिटवून ५५८ वरची अस्मिता वाहिनीही मिळाली. घरात मात्र ही दोन्ही केंद्रं एलईडी दिव्यांच्या आणि चार्जरच्या खरखरीत बुडतात. घरात ऐकायचं असेल तर चार्जर काढावेत, दिवे बंद करावेत, रॉड भिंतीपासून लांब धरावा.

अंधार पडला की वातावरणाचा खालचा, लहरी शोषून घेणारा थर विरतो आणि दूरची केंद्रं येऊ लागतात. मला ७३८ वर हैदराबाद आणि ६१२ वर बेंगळुरू मिळालं. दोन्ही आवाज कमी-जास्त होत राहतात, तेव्हा पॉटवरून हात काढता येत नाही.

दुसऱ्या गावात बनवणार असाल तर आपल्या केंद्राकडे बघून वेढे ठरवा. नागपूर ५८५ वर आहे, तिथे सत्तराहून कमी वेढे घेऊ नका, उलट कॉइल मध्यावरच ठेवा. जळगाव ९६३, रत्नागिरी ११४३, सांगली १२५१, पणजी १२८७. या वरच्या केंद्रांसाठी गँग बरीच उघडावी लागते आणि तिथे एक केसभर फिरवलं तरी केंद्र निसटतं. दहा-पंधरा वेढे काढून टाकले तर तीच केंद्रं डायलच्या मध्याकडे येतात आणि हात शांतपणे चालतो.