वसईच्या जुन्या राजाच्या घरी

सोमवारी जाऊ नका. हे सगळ्यात आधी सांगते, कारण आम्ही नेमके सोमवारीच गेलो. माद्रिदहून तासभर बसमध्ये बसून एल एस्कोरियालच्या, म्हणजे स्पेनच्या राजाच्या जुन्या वाड्याच्या, दारात पोहोचलो, तर दाराला कुलूप. सोमवार त्यांच्या सुट्टीचा. चूक आमचीच, निघण्याआधी बघायला हवं होतं. आत्या म्हणाली, "एवढा मोठा राजा, पण आपल्यासाठी घरी नाही."

आता वसईची माणसं या राजाच्या घरी कशाला? लहानपणापासून किल्ल्यात फिरलो, त्यामुळे पोर्तुगीज, चिमाजी अप्पा, 1739 हे सगळं पाठ. मधली साठ वर्षं मात्र कुणी सांगितली नव्हती. 1580 मध्ये पोर्तुगालची गादी रिकामी झाली. स्पेनचा राजा फेलिपे दुसरा, म्हणजे आपल्या पुस्तकांतला फिलिप, याची आई पोर्तुगालची राजकन्या. त्याने हक्क सांगितला, सोबत फौजही पाठवली आणि 1581 मध्ये पोर्तुगालचाही राजा झाला. तिथपासून 1640 पर्यंत लिस्बन, गोवा, चौल, वसई सगळं स्पेनच्या राजाचं. पोर्तुगालचा कारभार पोर्तुगीजच बघतील, असं त्याने कबूल केलं होतं. त्यामुळे वसईच्या बाजारात धनी बदलल्याचं फारसं जाणवलंही नसेल.

बुधवारी पुन्हा गेलो, या वेळी लोकलने. बस आणि लोकल दोन्ही करून बघितल्यावर माझं मत बसच्या बाजूने. माद्रिदच्या मोंक्लोआ बसस्थानकावरून 661 किंवा 664 पकडा, ती वरच्या गावात वाड्याजवळ सोडते. रेल्वे स्टेशन खालच्या गावात आहे आणि तिथून बागेतून चांगला चढ चढावा लागतो. बाग सुंदर आहे, पण आत्याचे गुडघे बागेकडे बघायला तयार नव्हते. तुमच्यासोबत कुणी वयस्क असेल तर येताना बस, आणि हौस असेल तर परतताना उतारावरून चालत स्टेशन. स्वेटर हवाच. गाव हजार मीटर उंचीवर आहे आणि दगडी भिंतींच्या आत बाहेरच्यापेक्षा जास्त गारठा.

वाडा म्हणते खरी, पण मठ, चर्च, ग्रंथालय, राजाचं घर आणि राजघराण्याची थडगी असं सगळं एका छपराखाली आहे. 1563 ला पायाचा दगड, 1584 ला शेवटचा. लांबी 207 मीटर, रुंदी 161. करड्या ग्रॅनाइटच्या भिंती, एकसारख्या खिडक्यांच्या रांगा. स्पष्टच सांगते, बाहेरून सरकारी कचेरी वाटते. आत गेल्यावर कळतं की ती होतीच कचेरी.

फेलिपेच्या खोल्या बघायला घाई करू नका. अमेरिकेपासून फिलिपिन्सपर्यंत (त्या बेटांना नावही त्याचंच) राज्य असलेल्या माणसाची निजायची खोली आपल्या चाळीतल्या खोलीपेक्षा फार मोठी नाही. खाली विटांची फरशी, भिंतीला कमरेइतक्या उंचीपर्यंत तालावेरा गावच्या निळ्या-पांढऱ्या फरशा, बाकी पांढरा चुना. पलंगाच्या बाजूला एक झरोका, तो थेट चर्चच्या वेदीकडे उघडतो. अंथरुणातून उठता आलं नाही तरी प्रार्थना चुकू नये म्हणून. संधिवाताने पाय गेले तेव्हाची उचलून न्यायची खुर्चीही तिथेच आहे. 13 सप्टेंबर 1598 ला तो इथेच गेला, पन्नासहून जास्त दिवस अंथरुणात कुजत काढून.

हा राजा दिवसभर कागद वाचायचा. वाचायचा, समासात शेरे मारायचा, कधी कधी शुद्धलेखनही सुधारायचा. सही करायची तर स्वतः वाचल्याशिवाय नाही. परिणाम काय, तर निर्णय तुंबून राहायचे. मरण स्पेनहून येणार असेल तर मी चिरंजीव होईन, असा विनोद त्याच्या एका व्हाइसरॉयच्या नावावर सांगतात. गोव्याची गोष्ट तर विचारूच नका, लिस्बनहून मार्च-एप्रिलात निघालेलं जहाज पावसाळा संपता संपता पोहोचायचं. पत्र पाठवून उत्तर मिळायला दीड-दोन वर्षं. आणि इतकी हिशेबी नजर असून सरकारी कर्जं फेडता न येण्याची पाळी त्याच्या कारकिर्दीत चार वेळा आली.

चर्चमध्ये वेदीच्या बाजूला तो ब्रॉन्झमध्ये गुडघे टेकून बसलाय, सोबत तीन राण्या. लग्नं चार. गाळलेली चौथी म्हणजे इंग्लंडची मेरी ट्यूडर. आत्याने बोटांवर दोनदा मोजलं.

वेदीच्या खाली राजांचा तळघरातला कक्ष. संगमरवरी जिना गुळगुळीत आहे, कठड्याला धरूनच उतरा. अष्टकोनी खोली, भिंतीत एकावर एक रचलेल्या 26 शवपेट्या, एका बाजूला राजे, समोर राण्या. पण राणीला इथे जागा कधी, तर मुलगा राजा झाला तरच. फेलिपेची लाडकी राणी इसाबेल दे व्हालोआ हिला दोन मुली, म्हणून ती दुसऱ्या दालनात. मुलगा गादीवर बसलेली त्याचीच राणी आना मात्र इथे. खूप नंतरच्या काळातली राणी इसाबेल दुसरी स्वतः गादीवर बसलेली, म्हणून ती राजांच्या बाजूला, आणि तिचा नवरा राण्यांच्या रांगेत! हे वाचून आत्या तळघरात हसली आणि लोक वळून बघायला लागले.

ग्रंथालय शेवटी येतं, तोवर पाय बोलायला लागतात. तरी सोडू नका. छतावरची चित्रं सगळे बघतात, तुम्ही कपाटांकडे बघा. पुस्तकं उलटी ठेवलीत, पुठ्ठ्याचा कणा आत आणि पानांच्या सोनेरी कडा बाहेर.

एकूण तीन तास धरा. जेवण दीड-दोनच्या आधी मिळत नाही, त्यामुळे सकाळी लवकर आत शिरून मग जेवायला बाहेर पडणं सोयीचं. शाकाहारींनी तोर्तिया मागवावा, अंडं चालत असेल तर. बटाट्याचा जाड पोळा असतो तो. आत्याने पर्समधून लसणाची चटणी काढली आणि निम्मा माझ्याही ताटातला संपवला.