तुम्ही विचारलंत म्हणून: टरफलांच्या ताटलीत जेवायचं का?

प्रदर्शनात माझ्या भांड्यांशेजारी एक पाटी असते. त्यावर ‘अंड्याची टरफलं, उसाच्या चिपाडांची राख’ असं लिहिलेलं असतं. ती वाचून हातातली ताटली हळूच खाली ठेवत लोक विचारतात, “म्हणजे हे कचऱ्याचं केलंय? ह्यात जेवायचं?” इतक्या जणांनी विचारलंय की आता सविस्तरच सांगते.

जेवायचं, अगदी निर्धास्त जेवायचं. पण आधी एक गोष्ट स्वच्छ सांगायला हवी. ताटलीचं अंग मातीचंच आहे, इतर कुठल्याही स्टोनवेअरसारखं, म्हणजे खूप तापवून दगडासारख्या घट्ट केलेल्या भांड्यांसारखं. टरफलं आणि राख आहेत ती वरच्या काचेच्या थरात, ज्याला आम्ही ग्लेझ म्हणतो. हल्ली ‘अन्नकचऱ्यापासून सिरॅमिक’ म्हणून बरंच काही विकलं जातं, आणि त्यात हा फरक कुणी सांगत नाही. भट्टी 1280 अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. वास, तेल, जंतू, खरकटं हे सगळं त्याच्या कितीतरी आधी जळून जातं. उरतं ते फक्त खनिज, आणि बऱ्याच कचऱ्यात ते फार थोडं असतं. केळीच्या सालीत 80 टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. वाळवून जाळली की बादलीभर सालींची थोडीशीच राख हाती लागते. चहाचा चोथा मातीत मळला तर तो जळतो आणि मागे बारीक भोकं ठेवतो. कॉफीचा चोथा किंवा साली डिंकासारख्या चिकट पदार्थात दाबून केलेल्या वस्तू सुंदर दिसतात. दिव्याची शेड किंवा भिंतीवरची फरशी म्हणून त्या उत्तमच, पण त्या भाजलेल्या नसतात. त्यांना सिरॅमिक म्हणू नये आणि त्यात गरम आमटी वाढू नये.

अंड्याचं टरफल मात्र भट्टीत खरंच कामाला येतं. त्याचा जवळजवळ 95 टक्के भाग कॅल्शियम कार्बोनेट असतो, म्हणजे चुनखडीच. स्टोनवेअर करणाऱ्या बहुतेकांना एक जुनं प्रमाण तोंडपाठ असतं: 40 भाग फेल्डस्पार (भट्टीत वितळणारं खनिज), 30 भाग क्वार्ट्झ (गारगोटीची पूड), 20 भाग चुनखडीची पूड, 10 भाग चिनी माती. यातल्या चुनखडीच्या जागी मी टरफलांची पूड घालते. भुर्जीच्या गाडीवरून आणि बेकरीतून टरफलं आणायची, उकळायची, आतला पापुद्रा चोळून काढायचा, कडक उन्हात वाळवायची, दळायची आणि 100 नंबरच्या, म्हणजे अगदी बारीक जाळीच्या चाळणीतून गाळायची. पापुद्रा राहिला तर पूड काही दिवसांत कुबट वास मारू लागते, म्हणून ह्या कामात घाई चालत नाही. एका टरफलाचं वजन पाच-सहा ग्रॅम. किलोभर कोरड्या ग्लेझला 200 ग्रॅम पूड लागते, म्हणजे 35 ते 40 अंडी. शहराच्या कचऱ्यापुढे हे काहीच नाही, हे मलाही दिसतं. पण कोंबडीच्या खाद्यात चुनखडी नाहीतर शिंपल्याचा चुरा मुद्दाम घालतात, त्यातूनच हे टरफल बनतं. एकदा खाणीतून काढलेला दगड दुसऱ्यांदा वापरात येतोय, हे मला मोलाचं वाटतं.

“मग मातीतच का मिसळत नाही?” हा पुढचा प्रश्न. ह्याचं उत्तर गावातल्या कुठल्याही कुंभाराला ठाऊक आहे. काळ्या रानातल्या मातीत चुनखडीचे बारीक खडे असतात. असा एखादा खडा मडक्यात राहून गेला तर भट्टीत त्याचा कळीचा चुना होतो. मडकं बाहेर काढलं की ठणठणीत वाजतं, काही दोष दिसत नाही. मग हवेतला ओलावा चुन्यापर्यंत पोचतो, चुना फुगतो आणि आठवड्याभरात मडक्याचा टवका उडतो. टवक्याच्या खड्ड्यात बरोबर मध्यभागी पांढरा ठिपका दिसतो. टरफलाचा जाडसर कण तेच करतो. ग्लेझमध्ये मात्र तो चुना सिलिकाबरोबर (वाळू-गारगोटीतलं, काच घडवणारं द्रव्य) वितळून काच होतो, त्यामुळे फुगायला मोकळा उरतच नाही.

राखेची गोष्ट मला सगळ्यात प्रिय आहे. आमच्या कोल्हापूरकडे हंगामात गुऱ्हाळं पेटतात. रस काढून उरलेली चिपाडं वाळवून काहिलीखालच्या चुलवाणात घालतात, त्यामुळे गूळ उसाच्याच जाळावर शिजतो. मी राख मागायला गेले तेव्हा जाळ घालणाऱ्या मामांनी कोपऱ्यातून एक काळपट हिरवा गोळा आणून हातात दिला. “ताई, ह्यो बगा. तळाला घट्ट बसतोय, पहारीनं उचकटाय लागतोय.” एका बाजूनं खडबडीत, दुसऱ्या बाजूनं लकलकीत, आत बुडबुडे. ती काच होती. उसानं जमिनीतून ओढून घेतलेली सिलिका, त्यातलाच पोटॅश (सिलिकाला वितळवणारा राखेतला क्षार) आणि चुलवाणाची धग, एवढ्यावर ती झाली होती. मामांना तो गोळा म्हणजे डोक्याला ताप. मी मात्र पोतंभर राखेबरोबर तोही मागून घेतला.

लाकडाच्या राखेत चुना जास्त, म्हणून ती ग्लेझ वितळवते. चिपाडाच्या किंवा भाताच्या तुसाच्या राखेत सिलिका जास्त, म्हणून ती त्याला घट्ट करते, दुधाळ करते. जपानात तुसाच्या राखेचं पांढुरकं ग्लेझ फार जुनं आहे. माझ्या ताटल्यांवरचा शेवाळी रंग उसाबरोबर आलेल्या मातीतल्या लोहाचा आहे. गुऱ्हाळ बदललं की रंग बदलतो, त्यामुळे “अगदी अशीच आणखी सहा द्या” म्हटलं की मला नाही म्हणावं लागतं. राख चाळताना मास्क लागतोच. ही सिलिकाची धूळ फुप्फुसात गेली तर बाहेर येत नाही.

भांडं जेवायला चालतं की नाही हे ग्लेझमध्ये काय घातलं याबरोबरच ते कसं वितळलं यावरही ठरतं. पूर्वी कमी तापमानाच्या झिलईत शिसं वापरत; ते मी वापरत नाही. प्रत्येक नव्या ग्लेझवर लिंबाची फोड रात्रभर ठेवते. सकाळी त्या जागी रंग उतरला किंवा चमक गेली, तर ते ग्लेझ फुलदाणीपुरतं ठेवते.

काही घरांत अंडं चालत नाही. त्यांच्यासाठी टरफलाऐवजी खाणीतली चुनखडी घातलेली भांडी वेगळी ठेवते आणि पाटीवर तसं लिहिते. हे विचारण्यात संकोच करू नये. बोन चायनाच्या कपांत साधारण निम्मी गुराढोरांच्या हाडांची राख असते. इंग्लंडात 18 व्या शतकाच्या अखेरीस जोसाया स्पोडनं ते प्रमाण बसवलं, आणि ते कप आपल्याकडे घरोघरी पोचले ते कुणी काही न सांगता. सांगायला हवं होतं.

आणि पर्यावरण? टरफलांनी भट्टीचा गॅस वाचत नाही. चुनखडीतून निघतो तेवढाच कार्बन डायऑक्साइड टरफलातूनही निघतो. माझ्या कामातला सगळ्यात मोठा खर्च इंधनाचा आहे, म्हणून भट्टी गच्च भरल्याशिवाय पेटवत नाही. कच्चं भांडं बिघडलं तर भिजवून त्याची पुन्हा माती होते. एकदा भाजलं की कधीच होत नाही. म्हणून मनासारखं नसलेलं भांडं मी भट्टीपर्यंत जाऊ देत नाही. पर्यावरणपूरक ह्या शब्दाला माझ्या लेखी टरफलांपेक्षा ह्याचा आधार जास्त आहे.

“आमच्याकडची टरफलं आणून देऊ का?” असंही बरेच जण विचारतात. जवळ राहत असाल तर जरूर द्या. फक्त धुऊन, पापुद्रा काढून, वाळवून द्या. लांब राहत असाल तर चुरून गुलाबाच्या कुंडीत घाला. त्यासाठी पेट्रोल जाळून माझ्यापर्यंत येऊ नका.