"मग ते शहीद झाले?"

मेजर रामा राघोबा राणे यांच्याबद्दल सांगत होतो, तर पुतणीने मधेच विचारलं, "मग काका, ते शहीद झाले?"

नाही गं, म्हटलं. जगले. मेजर म्हणून निवृत्त झाले, १९९४ मध्ये गेले.

"अच्छा," म्हणाली आणि परत मोबाइलमध्ये. ते 'अच्छा' दिवसभर टोचतंय.

एप्रिल १९४८. पाकिस्तानशी पहिलं युद्ध, जम्मू-काश्मीरमधला नौशेरा-राजौरी रस्ता. जागोजागी सुरुंग, आडवी पाडलेली झाडं, वरून गोळीबार. मांडीला जखम झालेली असताना हा सेकंड लेफ्टनंट रणगाड्याखाली शिरतो, सुरुंगांमधून सरपटत पुढे जातो आणि दोरी ओढून चालकाला इशारे देतो. चल. थांब. मला सारखी ती दोरीच दिसते. एक हिसका चुकला असता तर?

परमवीरचक्र जिवंतपणी मिळालेले ते पहिले.

आणि त्यानंतरही कितीतरी वर्षं ते रोज सकाळी गणवेश चढवून कामावर गेलेच ना! १९४० मध्ये बॉम्बे इंजिनिअर्समध्ये भरती झालेला जवान मेजर होईपर्यंतची ती सगळी नोकरी. तिच्यासाठी आपल्याकडे 'शहीद'सारखा एखादा शब्द का नाही?

उद्या तिला पुन्हा बसवून त्या दोरीचं सांगणार आहे.