पावतीवरून गळालेले '&'

बेळगावच्या आमच्या लहानशा कार्यालयात पतसंस्थांसाठी हिशेबाची प्रणाली तयार होते आणि तिचा पडदा मराठी, कन्नड व इंग्रजी अशा तिन्ही भाषांत ठेवावा लागतो. काउंटरवरची माणसे माउसला सहसा हात लावत नाहीत. ऑल्टसोबत एक अक्षर दाबून ती पुढे जातात. ते अक्षर कोणते, हे विंडोजला कळावे म्हणून लेबलच्या मजकुरात त्याच्या आधी & घालतात. जीटीके या पडदे बनवण्याच्या दुसऱ्या साधनसंचाने याच कामासाठी अधोरेषा निवडली, ते शहाणपणाचे होते, कारण दुकानाच्या नावात अधोरेषा कोणी लिहीत नाही; & मात्र आमच्याकडे निम्म्या व्यापाऱ्यांच्या पाट्यांवर असते.

देवनागरीत & अक्षराआधी घालून भागत नाही. ते जोडाक्षराच्या पोटात शिरले तर अक्षर फुटते, आणि मराठी कळफलक चालू नसेल तर 'ज' दाबणार कसा? म्हणून चिनी-जपानी भाषांतरकारांप्रमाणे आम्हीही 'जतन करा' या शब्दांपुढे कंसात & आणि रोमन एस लिहितो. हीच लेबले छापील अहवालांची शीर्षके होतात आणि तिथे या खुणा नको असतात.

त्या काढण्याचे फंक्शन, म्हणजे तेवढेच काम करणारा प्रोग्रामचा तुकडा, मी लिहिले. पहिल्या आवृत्तीत दिसेल ते & पुसले होते. इंग्रजीत सारे सुरळीत दिसले. मराठी अहवालाच्या माथ्यावर मात्र रिकामा एस कंसात बसून राहिला, आणि तो माझ्याआधी कन्नड पाहणाऱ्या सहकाऱ्याच्या नजरेस पडला. दुसऱ्या आवृत्तीत कंस, त्यातले चिन्ह व अक्षर आणि कंसाआधीची मोकळी जागा एकत्र जाते, लेबलच्या शेवटी तीन टिंबे असतील तर ती राहतात, आणि जोडीने आलेल्या && चे एक & होते, कारण खरे & दाखवण्याची रीत तीच आहे. हे सारे डावीकडून उजवीकडे एकाच फेरीत करावे लागते; आधी जोड्या एकेरी केल्या आणि मग एकेरी पुसल्या, तर खरे & सुद्धा जाते. या फेरीचा मला अभिमान होता.

मार्चअखेरीस निपाणी भागातल्या एका संस्थेतून फोन आला. एका फर्मच्या ठेवपावतीवर आडनाव आणि 'सन्स' एकमेकांना चिकटले होते आणि पॅन कार्डावरच्या नावाशी ते जुळत नव्हते. नावाची चौकट अरुंद असल्यामुळे & च्या दोन्ही बाजूंना जागा न सोडता नाव भरलेले होते; आणि आमच्यातल्या कोणीतरी घाईत शीर्षकांबरोबर खातेदारांची नावेही माझ्याच फंक्शनमधून नेली होती. पडद्यावरही तेच दिसत होते, कारण विंडोजचे साधे लेबल आपणहून & ला खूण मानते आणि ते बंद करण्याचे कष्ट आम्ही घेतले नव्हते. नुसता मजकूर पाहून हे & खुणेचे की नावाचे, हे कोणत्याही फंक्शनला ठरवता येणार नाही; ते फंक्शन वापरणाऱ्यालाच ठाऊक असायला हवे. मी त्याच रात्री नावांची वाट वेगळी केली, लेबलांची ती सोय बंद केली आणि निश्चिंत झोपलो.

सकाळी पुन्हा फोन आला. आता 17 खात्यांच्या नावांत दोन-दोन & छापले जात होते. काउंटरवरच्या बाईंनी तीन आठवड्यांपूर्वीच नावे चिकटण्याची तक्रार आमच्या मदतकक्षाला सांगितली होती आणि तिथून "नाव पुन्हा टाइप करा" एवढेच उत्तर मिळाले होते. त्यांनी करून पाहता पाहता & दोनदा दाबले की पावती बरोबर येते, हे स्वतःच शोधून काढले आणि एकेक खाते दुरुस्त केले. ती फर्म तेवढी त्यांच्या हातून राहून गेली होती. आमच्यापैकी कोणालाही न सुचलेला तो नियम त्यांना कळला होता, आणि मी तो रातोरात मोडला होता.

त्या 17 नोंदी मी हाताने बदलत असताना त्या बाई फोनवरच होत्या.

"सर, आता एकदाच दाबायचं की दोनदा?" त्यांनी विचारले. मी एकदाच म्हणालो.

"बघा हं," त्या म्हणाल्या, "परत बदलणार असाल तर आधी सांगा की."