लॉग ७: लेमाच खोटा निघाला

रस्ट भाषेत पॉइंटर कोणी कधी वापरायचे याच्या 'स्टॅक्ड बॉरोज' नियमांखाली कंपायलरची ऑप्टिमायझेशन्स बरोबर आहेत हे मी सिद्ध करतोय. मागच्या वेळी मी फुशारकी मारली होती ना, की लोड एलिमिनेशन (नको असलेलं वाचणं उडवणं) झालं, आता डेड स्टोअर (वाया जाणारं लिहिणं उडवणं) म्हणजे एका रविवारचं काम. त्याने तीन रविवार खाल्ले आणि काल कळलं की जो लेमा (मोठ्या प्रूफमधला छोटा दावा) सिद्ध करायला मी डोकं फोडत होतो तो मुळात खोटाच आहे.

प्रोग्रॅम तोच आपला. एक्स म्युटेबल रेफरन्स (ज्यातून त्या जागेत लिहिता येतं), त्यात ४२ लिहायचं, मग अनोळखी एफ कॉल करायचा, मग एक्समध्ये १३. पहिलं लिहिणं उडवायचं. माझा हिशोब असा की एफने दुसऱ्या टॅगने (टॅग म्हणजे पॉइंटरची ओळख) ती जागा वाचली तर एक्सचा युनिक आयटम, म्हणजे एकट्याने वापरायचा हक्क, डिसेबल होणार, मग १३ लिहिताना यूबी (अनडिफाइन्ड बिहेवियर, नियमभंग), आणि सोर्समध्ये, म्हणजे मूळ प्रोग्रॅममध्ये, यूबी असेल तर टार्गेटने, म्हणजे ऑप्टिमाइझ केलेल्याने, काहीही केलं तरी आपण सुटलो. पण रॉक हा प्रूफ असिस्टंट (जुनं नाव कॉक, तेच म्हणायची सवय जात नाही अजून) दर वेळी तिथेच आणून सोडायचा: सोर्समध्ये ४२, टार्गेटमध्ये जुनं ०, एफ आत्ता वाचतोय, दोन्ही सारखं आहे हे दाखव. मी इन्व्हर्शन (हायपॉथिसिस फोडायची कमांड) मारमारून एच ३७ पर्यंत हायपॉथिसिस गोळा केले, त्यातला एकही कामाचा नाही. एडिटरचं एक्स्टेन्शन पण मोठ्या फाइलला लटकतं, म्हणून परत ईमॅक्स आणि प्रूफ जनरल, आणि आता तिथून हलणार नाही.

काल कर्वेनगरला चहाच्या टपरीवर मित्राला हे वहीत काढून दाखवत होतो. त्याला प्रूफबिफ काही येत नाही, तो एवढंच म्हणाला, "अरे पण एफ परत आलाच नाही तर?"

घ्या! एफ वाचणार, छापणार आणि तिथूनच एक्झिट मारणार. १३ ची ओळ येतच नाही म्हणजे यूबी पण नाही, आणि सोर्स छापतो ४२, टार्गेट ०.

घरी येऊन आधी मिरीवर (रस्टमधली यूबी पकडणारा इंटरप्रिटर) टाकलं. लोकल रीबॉरो केला (फंक्शनच्या आतच रेफरन्समधून नवा रेफरन्स काढला) आणि एफमध्ये रॉ पॉइंटरने वाचलं, तर मिरीने हूं की चूं केलं नाही, ४२ छापून मोकळी. तोच रेफरन्स फंक्शनचा आर्ग्युमेंट म्हणून पाठवला की वाचायच्या ओळीलाच एरर. प्रोटेक्टर! आर्ग्युमेंट रिटॅग होताना, म्हणजे त्याला नवा टॅग मिळताना, कॉल आयडी (त्या कॉलचा नंबर) चिकटतो आणि तो कॉल चालू असेपर्यंत तो आयटम डिसेबल झाला की लगेच यूबी, पुढच्या लिहिण्याची वाट बघायची गरजच नाही. २०२० च्या स्टॅक्ड बॉरोजच्या पेपरात प्रोटेक्टरवर अख्खा भाग आहे, तो मी चाळून पुढे गेलो होतो, माझीच चूक.

लेमात 'एक्स प्रोटेक्टेड आहे' एवढं घातलं आणि तीन रविवारांची केस चार ओळींत संपली. क्यूईडी दिसल्यावर मी खरंच उठून खोलीत एक चक्कर मारली.

पुढे ट्री बॉरोजवर (स्टॅक्ड बॉरोजनंतरचे, झाडाच्या रचनेचे नियम) जाणार होतो, पण हे लिहिता लिहिता सुचलं की माझ्या सिम्युलेशन रिलेशनमध्ये (सोर्स आणि टार्गेट जुळतात हे सांगणारं नातं) 'या जागा वेगळ्या असू शकतात' असा नुसता सेट आहे, त्याऐवजी प्रत्येक जागेला टॅग, कॉल आयडी आणि दोन्हीकडच्या व्हॅल्यू असा मॅप ठेवला तर लोड एलिमिनेशनचं प्रूफ पण अर्धं होईल. मग झाड नंतर. सिम्युलिरिस (असल्या प्रूफसाठीचं तयार फ्रेमवर्क) वापर असं कोणी सांगेलच, पण त्यासाठी आधी त्याच्याखालचं आयरिस हे लॉजिक शिकायला हवं आणि मला अजून हातानेच करायची खुमखुमी आहे.

एक अ‍ॅडमिटेड (प्रूफ न देता तात्पुरतं मान्य केलेलं) उरलंय, एफ परत आल्यावर १३ लिहून झालं की ती जागा मॅपमधून काढायची ते. त्यावर कोणाकडे नीट इन्व्हेरियंट (कायम खरी राहणारी अट) असेल तर सांगा.