माऊस ड्रॉवरमध्ये गेला तेव्हा प्रबंध हलला

टायपिंगची मला कधीच भीती नव्हती. बारावीनंतर इन्स्टिट्यूटमध्ये मशीनवर खटाखट बडवत मराठी ३० आणि मग ४० अशा दोन्ही परीक्षा पास झालेय, कॉम्प्युटर आल्यावर इन्स्क्रिप्ट हा मराठी कीबोर्डही शिकले, त्यामुळे पीएचडीचा प्रबंध मीच टाईप करणार असं घरात ठणकावून सांगितलं होतं. विषय जात्यावरच्या ओव्या, २८० पानं. आणि ही सगळी पानं मी वर्डमध्ये बसून टाईपरायटरवर केल्यासारखी केलीयत हे मला कळलं जमा करायच्या १२ दिवस आधी.

झालं असं की मार्गदर्शक सर म्हणाले बाइंडिंगसाठी डावा मार्जिन दीड इंच ठेवा. मी ठेवला आणि सगळं घरंगळलं. नवीन पान आणायला मी धडाधड एंटर मारले होते, त्यामुळे प्रकरणांची नावं पानाच्या मध्यावर येऊन बसली, ओव्या स्पेस देऊन आत सरकवल्या होत्या त्या वाकड्यातिकड्या झाल्या, अनुक्रमणिका तर टिंबं देऊन हाताने टाईप केलेली, तिच्यातला एकही पान नंबर खरा राहिला नाही. तळटीपांचे आकडेसुद्धा हातानेच लिहिलेले. दोन रात्री माऊस ओढत बसले, मनगट सुजलं आणि झाली ४० पानं.

मग गेले एका माजी विद्यार्थिनीकडे, तिचं तालुक्याला झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. तिने पाच मिनिटं नुसतं बघितलं आणि म्हणाली, "मॅडम, बोटं तुमची पळतायत हो, पण दर दोन ओळींनी हात माऊसकडे जातोय." आणि माऊस काढून सरळ ड्रॉवरमध्ये टाकला, म्हणजे आता सगळं कीबोर्डच्या शॉर्टकटनीच. मला रागच आला खरं तर, पण जिला वर्गात मी शुद्धलेखन शिकवलं ती आता मला शिकवतेय म्हटल्यावर गप्प बसले.

कॉपी-पेस्टचं कंट्रोल सी, कंट्रोल व्ही सगळ्यांना येतं, त्याने फार वेळ वाचत नाही. वेळ जातो तो इकडून तिकडे जाण्यात. कंट्रोल धरून बाण दाबला की कर्सर शब्दाशब्दाने उडी मारतो, सोबत शिफ्ट धरलं की सिलेक्ट होत जातं, कंट्रोल होम म्हणजे फाइलची सुरुवात आणि कंट्रोल एंड म्हणजे शेवट. आणि शिफ्ट एफ फाईव्ह! फाइल उघडल्याबरोबर हे दाबलं की काल जिथे काम सोडलं होतं तिथे नेऊन ठेवतं. मी चार वर्षं रोज स्क्रोल करत ती जागा शोधत होते.

मराठीत खोडण्याची एक गंमत आहे, इंग्रजीवाल्यांच्या शॉर्टकटच्या याद्यांमध्ये ही सापडत नाही. बॅकस्पेसने अख्खं अक्षर जात नाही, एकेक तुकडा जातो, म्हणजे 'स्त्री' खोडायला स, हलन्त, त, हलन्त, र, वेलांटी असे सहा फटके लागतात. तेच कर्सर अक्षराच्या आधी ठेवून डिलीट दाबलं तर एका फटक्यात साफ. आणि पूर्ण शब्दच नको असेल तर कंट्रोल बॅकस्पेस. उलट शिफ्ट एफ थ्रीचं त्या याद्यांमध्ये इतकं कौतुक असतं, ते कॅपिटल-स्मॉल बदलायचं, आपल्याला काडीचा उपयोग नाही.

खरी कटकट ओव्यांची होती. प्रत्येक ओळीनंतर मी एंटर मारलेला आणि दोन ओव्यांच्या मध्ये रिकामी ओळ सोडलेली. तिने कंट्रोल शिफ्ट आठ दाबून लपलेल्या खुणा दाखवल्या तर पानभर उलटे पी आणि स्पेसची टिंबं, गोवर उठल्यासारखं. मग म्हणाली ओवी संपली की एंटर, ओवीतली ओळ बदलायची तर शिफ्ट एंटर, म्हणजे वर्ड पूर्ण ओवीला एक परिच्छेद समजतं. पण आधीच्या सहाशेच्या वर ओव्यांचं काय? तर ओव्यांचा भाग सिलेक्ट करून कंट्रोल एच. आधी दोन एंटर शोधायचे, वर्डच्या भाषेत ते टोपीचं चिन्ह आणि लहान पी, असं दोनदा, आणि त्यांच्या जागी एखादी मजकुरात कुठेच नसलेली खूण टाकायची, आम्ही दोन हॅश टाकले. मग उरलेल्या एकेका एंटरच्या जागी टोपी आणि लहान एल, म्हणजे शिफ्ट एंटर. शेवटी दोन हॅशच्या जागी परत एक एंटर. तीन रिप्लेस ऑल आणि खेळ खल्लास, माझे डोळेच भरून आले. एक मात्र लक्षात ठेवा, टोपी टाईप करताना कीबोर्ड इंग्रजी हवा, इन्स्क्रिप्ट चालू असताना शिफ्ट सहा दाबलं की 'त्र' येतो आणि वर्ड म्हणतं असं काही सापडलंच नाही. विंडोज की आणि स्पेसने भाषा बदलते.

ओवी एक परिच्छेद झाल्याचा फायदा लगेच दिसला. माहेरच्या ओव्या भावाच्या ओव्यांआधी घ्यायच्या होत्या, तर ओवीत कर्सर ठेवून आल्ट शिफ्ट आणि वरचा बाण, अख्खी ओवी उचलून वर जाते, कट नाही पेस्ट नाही.

नवीन पानासाठी आता कंट्रोल एंटर. प्रकरणांच्या नावांना कंट्रोल आल्ट एक, उपशीर्षकांना कंट्रोल आल्ट दोन, मग अनुक्रमणिका वर्डच तयार करतं आणि पानं हलली की तिच्यावर कर्सर ठेवून एफ नाईन. तळटीपांना कंट्रोल आल्ट एफ, आकडे आपोआप लागतात. (माझ्याकडे मराठी कीबोर्डवर हे दाबलं की कधी कधी भलतंच अक्षर उमटायचं, म्हणून आधी इंग्रजीवर जायचे.) हाताने टाईप केलेल्या जुन्या टीपा प्रकरणाच्या शेवटी होत्या, तेव्हा कंट्रोल आल्ट एसने खिडकी दोन भागात फाडली, वर मजकूर खाली टीपा, एफ सिक्सने ये-जा. २१४ टीपा, तीन संध्याकाळी. आणि लॅपटॉपवाल्यांनो, एफवाली बटणं बऱ्याचदा एफएन धरून दाबावी लागतात, मी एफ फोर दाबत होते, शेवटचं काम परत करायला, आणि दरवेळी आवाज बंद होत होता.

एकदा मात्र तोंडघशी पडले. कंट्रोल स्पेसने अक्षरांवरचं फॉरमॅटिंग साफ होतं हे कळल्यावर उत्साहात कंट्रोल ए करून दाबलं तर परिशिष्टातल्या जुन्या मुलाखतींचं सगळं अगम्य इंग्रजी झालं. त्या कृतीदेव या जुन्या फॉन्टमध्ये केलेल्या होत्या. त्या फॉन्टमध्ये आपल्याला 'भारत' दिसतं पण खाली अक्षरं असतात एच, के, के, जे, आर, फॉन्टचा मुखवटा काढला की तेच उघडं पडतं. कंट्रोल झेडने वाचवलं. मग ते परिशिष्ट कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणलं आणि डोळ्यांत तेल घालून परत वाचलं, कारण जोडाक्षरं बरीच बिघडली होती.

दहाव्या दिवशी सरांचा फोन, चौथं प्रकरण तिसऱ्याच्या आधी घ्या. आठवड्यापूर्वी मी रडले असते. आता आउटलाईन व्ह्यूमध्ये गेले, आल्ट शिफ्ट एकने फक्त प्रकरणांची नावं ठेवली, चौथ्यावर कर्सर, आल्ट शिफ्ट वरचा बाण, झालं, ओव्यांसकट टीपांसकट ४६ पानं वर. टीपांचे आकडे स्वतःच बदलले, अनुक्रमणिकेला एफ नाईन. फक्त 'प्रकरण तिसरे' आणि 'प्रकरण चौथे' हे शब्द हाताने बदलावे लागले आणि सरांना मी मुद्दाम दुसऱ्या दिवशी फोन केला.

पोरीने पैसे घेतले नाहीत, प्रिंटचे तेवढे घेतले. माऊस मात्र तिच्याकडून परत आणलाय, टेबलातले रकाने रुंद-अरुंद करायला मला अजून तोच लागतो.